वायर घातली तरी नेट तुटतं: राउटर बदलण्याआधी हे करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंडा तालुक्यातलं जुनं चिऱ्यांचं घर. दर्शनी खोलीत फायबरची पेटी आणि राउटर, तिथून मागच्या खोलीपर्यंत तीसेक मीटर लॅन केबल, तिच्या टोकाला मुलाचा कॉम्प्युटर. मुलगा घरून काम करतो. दिवसातून दहा-पंधरा वेळा नेट पाच-दहा सेकंद जातं आणि आपोआप परत येतं. पावसात जास्त. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, एकदा राउटरही बदलून दिला, फरक शून्य. वडील विचारतात, "वायफाय नाही, चांगली वायरच घातलीय, मग तुटतं कसं?"

वायर म्हणजे पक्कं काम, असा एक समज आहे. मी बावीस वर्षं लोकांच्या घरी केबली ओढतोय. वायर गंजते, चिरडते, उंदीर कुरतडतात आणि कधीकधी तिच्यातून पाणीही वाहतं. वायफाय निदान कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे संशय तरी येतो. वायर मात्र दिवसभर झकास चालते आणि ऐन मीटिंगमध्ये दगा देते.

राउटर बदलला याचं मला नवल वाटत नाही. आमच्या धंद्यात तोच सगळ्यात आधी बदलला जातो, कारण तो बदलायला सोपा. पाच मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश, माणूस पुढच्या तक्रारीला मोकळा. पण दोष कुठे आहे हे न बघता वस्तू बदलत गेलं की खर्च होतो आणि माहिती काहीच मिळत नाही. तुमच्या मुलाच्या कॉम्प्युटरपासून बाहेरच्या जगापर्यंत रस्ता असा आहे: कॉम्प्युटरचं पोर्ट, घरातली केबल, राउटर, फायबरची पेटी म्हणजे ओएनटी, खांबावरून आलेली ड्रॉप केबल, खांबावरचा स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारा), कंपनीचं ऑफिस आणि पुढे सगळं. यातला कुठला तुकडा तुटतोय ते आधी ठरवायचं.

तुमच्या प्रश्नातच एक धागा आहे, तो म्हणजे "पाच-दहा सेकंद". किती वेळ जातं यावरून बरंच कळतं. राउटर किंवा ओएनटी वीज जाऊन परत सुरू झाला, तर सगळं सुरळीत व्हायला एक-दोन मिनिटं सहज लागतात. फायबर तुटून परत जुळलं, तरी ओएनटीला कंपनीच्या यंत्राकडे नव्यानं नोंदणी करावी लागते, लॉगिन परत व्हावं लागतं. तेही पाच सेकंदांत उरकत नाही. लॅन केबलचा संपर्क सुटून परत जुळला, तर दोन्ही टोकं एकमेकांशी वेग ठरवतात, त्याला काही सेकंद पुरतात. म्हणून माझा पहिला संशय घराच्या आतच जातो. पण हा नुसता संशय झाला. तो पक्का करायला पैसा लागत नाही, एक वही लागते.

पुढच्या वेळी नेट गेलं की आधी फोन बघा. फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवून तो घरच्या वायफायवर घ्या. डेटा चालू राहिला तर फोन गुपचूप तिकडे सरकतो आणि आपण फसतो. कॉम्प्युटर तुटला आणि फोन त्याच क्षणी चालू आहे, म्हणजे कंपनीची लाइन आणि राउटर दोन्ही शाबूत आहेत. ही एक गोष्ट बघितली असती, तर कंपनीच्या माणसाच्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या.

मग मुलाला सांगा, विंडोजमध्ये दोन काळ्या खिडक्या उघडायच्या. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप केलं की येते ती. आधी आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून राउटरचा पत्ता दिसतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. पहिल्या खिडकीत पिंग, जागा, डॅश टी, जागा आणि हा पत्ता. दुसरीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८, तो बाहेरच्या जगातल्या गूगलच्या सर्व्हरचा. पिंग त्या पत्त्याला सतत हाक मारतं आणि उत्तर येतं का बघतं. दोन्ही दिवसभर चालू ठेवायच्या. वायरवर राउटरचं उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. पहिल्या खिडकीत उत्तरं गळायला लागली, तर दोष घरात आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. पहिली स्वच्छ आणि दुसरीच तुटते, तर ओएनटी किंवा त्यापुढे बघायचं. दोन्ही स्वच्छ असताना मीटिंगच तुटत असेल, तर मुलाच्या ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट, बघा. पहिल्या खिडकीत 'जनरल फेल्युअर' असे शब्द दिसले, तर कॉम्प्युटरला चक्क केबल उपटल्यासारखं वाटतंय असं समजा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही याची नोंद सापडते. इंटेलचं नेटवर्क कार्ड असेल तर बहुधा २७ क्रमांकाची, लिंक तुटल्याची. तिथे तारीख-वेळ लिहिलेलीच असते, त्यामुळे गेल्या महिन्यात किती वेळा तुटलं तेही कळतं.

आता वही. नेट गेलं की घड्याळातली वेळ लिहायची आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं ते दोन शब्दांत. पाऊस, पंप, मिक्सर, वीज गेली, इन्व्हर्टर लागला, काहीही. डिचोलीकडे एका घरी रोज संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास नेट जायचं. घरातल्या आजींनी कॅलेंडरवर वेळा लिहून ठेवल्या होत्या, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. वेळा बघितल्या आणि विचारलं, "या वेळी तुम्ही काय करता?" म्हणाल्या, "बागेला पाणी सोडते." विहिरीचा पंप सुरू झाला की क्षणभर विजेचा दाब खाली यायचा, दिवे मिचकायचे. माळ्यावर कुणीतरी पूर्वी एक छोटा नेटवर्क स्विच ठेवून दिला होता, त्याचा ॲडॅप्टर म्हातारा झालेला. दाब खाली आला की स्विच बंद पडून परत सुरू व्हायचा. साध्या स्विचला सुरू व्हायला चार-पाच सेकंद पुरतात, राउटरसारखी मिनिटं लागत नाहीत. एक ॲडॅप्टर बदलला, काम झालं. तुमच्याही केबलच्या वाटेत माळ्यावर किंवा कपाटामागे असा स्विच लपलेला नाही ना, हे बघा. जुन्या घरांत असतो, आणि तो कुणी बसवला हे कुणालाच आठवत नसतं.

समजा, पहिली खिडकीच तुटतेय असं निघालं. मग केबलकडे वळू.

आधी कॉम्प्युटरवर लिंकचा वेग बघा. नेटवर्क सेटिंग्जमध्ये 'लिंक स्पीड' म्हणून लिहिलेला असतो. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, असताना तिथे १०० एमबीपीएस दिसत असेल, किंवा कधी १००० आणि कधी १०० असा बदलत असेल, तर केबल बोलतेय. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला दोन जोड्या पुरतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी खिळखिळी झाली, तरी यंत्रं आधी गिगाबिटवर जुळायचा प्रयत्न करतात, जमत नाही, मग शंभरवर येतात. या सगळ्या खटाटोपात जे सेकंद जातात, तेच तुमचे पाच-दहा सेकंद असू शकतात.

इंटरनेटवर एक उपाय सांगतात की कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग १०० फुल डुप्लेक्सला, म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडून बोलण्यावर, बांधून टाका. नका करू. एका टोकाला वेग सक्तीनं बांधला की ते टोक वाटाघाटी बंद करतं. दुसऱ्या टोकाला राउटर हाफ डुप्लेक्स, म्हणजे आळीपाळीनं बोलणं, धरून चालतो. लिंक जुळलेली दिसते, दिवा लागतो आणि डेटा अडखळत राहतो. दोष मिटत नाही, फक्त ओळखू येईनासा होतो.

केबलच्या टोकाचं प्लग नीट बघा. पारदर्शक असतो, आतल्या तारांचे रंग दिसतात. क्लिपची बाजू खाली ठेवून डावीकडून क्रम असा हवा: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी का घुसवली, असं कुणालाही वाटतं. घराचं वायरिंग करणारे इलेक्ट्रिशियन इथेच चुकतात. ते हुशारीनं रंग नीट लावतात, हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा. दोन्ही टोकांना तोच क्रम असला की दीडशे-दोनशे रुपयांचा टेस्टर आठही दिवे ओळीत लावून दाखवतो, कारण त्याला फक्त तार इकडून तिकडे पोचते का एवढंच कळतं. पण आता ३ आणि ६ या पिनांवर एक हिरव्या जोडीतली आणि एक निळ्या जोडीतली तार आलेली असते. जोडीला पीळ दिलेला असतो तो एकमेकींचा गोंगाट मारण्यासाठी. जोडीच फोडल्यावर पिळाचा उपयोग संपला. दोन-तीन मीटरवर हे खपून जातं, तीस मीटरवर नाही. "टेस्टरवर ओके दाखवतंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता प्लगचे रंग बघितल्याशिवाय टेस्टर बॅगेतून काढतच नाही.

पावसाचं काय? तुमची केबल दर्शनी खोलीतून मागे कुठून गेलीय ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या चिऱ्यांच्या घरात भिंत दीड-दीड फुटाची, तिला भोकं पाडायचा सगळ्यांनाच कंटाळा, म्हणून केबल बाहेर काढून वळचणीखालून भिंतीच्या कडेनं मागे नेतात. घरातली साधी राखाडी किंवा निळी पीव्हीसी केबल उन्हासाठी बनवलेली नसते. दोन-तीन उन्हाळ्यांत आवरण कडक होतं, वाकवलं तिथे बारीक चीर जाते. मग आपला पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कौलांची पागोळी वाऱ्याबरोबर भिंतीवर येते आणि त्या चिरेतून पाणी आत शिरतं.

म्हार्दोळच्या बाजूला एका घरी मी कॉम्प्युटरकडचं प्लग कापलं, तर केबलच्या टोकातून पाण्याचा थेंब तळहातावर पडला. बाहेर भिंतीवर केबल उंचावर होती, खोलीत टेबलामागे खाली. वरची चीर आणि खालचं टोक यांच्यामध्ये आवरणाची नळीच झालेली. पाणी तारांच्या कडेनं झिरपत पार कॉम्प्युटरच्या पोर्टपर्यंत आलं होतं. प्लगच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट कळंक. तार सोलली तर तांबं काळं पडलेलं. घरचे म्हणत होते, "ऊन पडलं की नेट चांगलं चालतं." चालणारच, केबल वाळत होती ना. त्या कॉम्प्युटरचं पोर्टही गेलं, यूएसबीचं वेगळं कार्ड लावावं लागलं. म्हणून बाहेरून आत येणारी केबल भोकाच्या खाली थोडी लोंबू देऊन मग वर आत घ्यायची, म्हणजे बाहेरून ओघळणारं पाणी त्या खालच्या वळणावरून गळून जातं. चीर पडलेल्या केबलला मात्र याचा उपयोग नाही, ती बदलावीच लागते.

आणखी एक गोष्ट, आपल्याकडचीच. चवथीच्या आधी घराला रंग काढतात. रंगारी केबल सोडवतो, भिंत रंगवतो आणि परत ठोकतो. क्लिपचा खिळा केबलच्या कडेला घासून गेलेला मी बऱ्याच घरांत बघितलाय. तुमचा त्रास नेमका केव्हापासून सुरू झाला आणि त्याआधी घरात काय काम झालं, हे आठवून बघा.

केबल खरंच दोषी आहे का, हे ठरवायची परीक्षा साधी आहे. कॉम्प्युटर उचला, दर्शनी खोलीत राउटरजवळ न्या, एक-दीड मीटरच्या विकतच्या तयार कॉर्डनं जोडा आणि पूर्ण एक दिवस तिथेच काम करा. पावसाचा दिवस मिळाला तर उत्तम. तुटणं थांबलं, तर केबल. तिथेही तुटलं, तर कॉम्प्युटरचं कार्ड किंवा राउटरचं पोर्ट. त्यासाठी राउटरच्या दुसऱ्या पोर्टात लावून बघा. कॉम्प्युटरच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटची खूण काढून टाका आणि 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' असेल तर बंद करा. वीज वाचवायच्या या सोयी काही कार्डांवर लिंक झोपवतात.

केबल बदलायची ठरली, तर दुकानात "चांगली द्या" म्हणू नका. शुद्ध तांब्याची कॅट सिक्स मागा आणि आवरणावर छापलेलं वाचा. सीसीए असं लिहिलेलं असेल तर परत ठेवा. ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, तार ठिसूळ, आणि आपल्या दमट, खाऱ्या हवेत टोकं लवकर खराब होतात. छापलेल्यावर भरवसा नसेल तर तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरं चमकलं की समजा. बाहेरून न्यायची असेल तर काळ्या पॉलिइथिलिन आवरणाची बाहेरची केबल घ्या आणि पीव्हीसी पाइपातून न्या. त्याच पाइपात विजेची वायर घालू नका. जमलं तर बाहेर काढूच नका, कौलांखालून माळ्यावरून न्या आणि उंदरांसाठी पाइप घाला. दोन्ही टोकांना प्लग ठोकण्यापेक्षा भिंतीवर सॉकेट बसवा आणि तिथून पुढे तयार कॉर्ड वापरा. भिंतीतली कडक तार रोज हलायला नको. लांबीची काळजी नाही, मर्यादा शंभर मीटरची आहे. मात्र मागची खोली मूळ घरापासून वेगळी, अंगणापलीकडे असेल तर तांब्याची केबल नकोच, फायबर ओढा. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा दोन इमारतींमधल्या तांब्यावरून थेट पोर्टात शिरतात.

आता, पहिली खिडकी स्वच्छ आणि दुसरीच तुटतेय असं निघालं तर? मग ओएनटीचे दिवे बघा. एलओएसचा लाल दिवा लागला तर प्रकाश पोचत नाही. राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उघडणाऱ्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा असतो, 'आरएक्स पॉवर' म्हणून, तो डीबीएम या मापात आणि उणे असतो. उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे नेहमीच्या ओएनटीची ऐकण्याची ताकद संपते. आकडा दर ३ नं घसरला की प्रकाश निम्मा होतो हे लक्षात ठेवा. हा आकडा कोरड्या दिवशी एकदा आणि मुसळधार पावसात एकदा लिहून ठेवा. काचेच्या तंतूला पाण्यानं काही होत नाही. पण खांबावरच्या पेटीत पाणी भरतं, जोड हलतो, माडाची झावळ ड्रॉप केबलवर पडून ती ताणली जाते. दोन आकड्यांत ३-४ चा फरक आला, तर तो कंपनीच्या माणसासमोर ठेवा. घरात तेवढं बघा की पातळ फायबर कपाटामागे दाबून काटकोनात वाकलेलं नाही, आणि हिरव्या टोकाचं प्लग निळ्या सॉकेटात घुसवलेलं नाही. टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोकावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

एक शंका मात्र तुमच्या बाबतीत खास. राउटर बदलून दिला, तेव्हा जुना राउटर गेला का? की "वायफाय लांबपर्यंत मिळेल" म्हणून तो दुसऱ्या खोलीत लॅन पोर्टातून जोडून ठेवलाय? तसं असेल तर घरात पत्ते वाटणारे दोन जण झाले. दोघंही डीएचसीपी चालवतात, कुणाचा पत्ता मिळेल ते नशीब. जुन्याचं डीएचसीपी बंद करा किंवा आज तो उपटूनच ठेवा.

कंपनीकडे जायची वेळ आलीच, तर "नेट जातं-येतं" एवढं सांगू नका. "राउटरपर्यंत चोवीस तास एकही पॅकेट गळलं नाही, बाहेर या-या वेळी गळलं, ऑप्टिकल पॉवर पावसात इतकी घसरते," असं सांगा आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवा. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्राकडून समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे हा नंबर लागतो. नुसता माणूस येऊन गेल्याचा पुरावा कुणी विचारत नाही.

तुमच्या वर्णनावरून माझं बोट वळचणीखालच्या केबलकडे जातं. पण माझ्या अंदाजावर नवी केबल आणायला निघू नका. रविवारी कॉम्प्युटर दर्शनी खोलीत आणा, दोन खिडक्या लावा, फोनचा डेटा बंद ठेवा. मग मला तीन गोष्टी कळवा: दिवसात किती वेळा आणि कुठल्या वेळी तुटलं, लिंकचा वेग किती दिसतो, आणि केबलच्या आवरणावर काय छापलंय. प्लगचा जवळून फोटो काढता आला तर तोही पाठवा, रंग दिसतील असा.